केतकीच्या सवयींची छाननी

आमच्या तालुक्यात दत्तक मूल दहा वर्षांचं झालं की त्याच्या जन्माच्या सवयी आणि घरच्या सवयी वेगळ्या करायला सरकारी माणूस येतो. जन्माच्या सवयी डब्यात भरून जन्मदात्या आईकडे जातात. तिला ओळखू येतील त्या ती ठेवून घेऊ शकते.

आमच्या केतकीसाठी धायगुडेसाहेब आले. तिला सतरंजीवर बसवून त्यांनी एकेक सवय सुपात काढली.

"हट्टीपणा?"

"सासूबाईंचा," मी म्हणाले.

"मी हट्टी? मुळीच नाही! नाही म्हणजे नाही!" सासूबाई आतून ओरडल्या.

साहेबांनी 'घरचा' असं लिहिलं.

डावखुरेपणा जन्माचा निघाला. तेवढी मनाची तयारी मी केली होती. पण मग त्यांनी जेवतानाचं गुणगुणणं काढलं. केतकी पहिल्या घासापासून ताक संपेपर्यंत गुणगुणते. त्या आवाजासाठी मी तिच्याबरोबरच जेवायला बसते.

"घरात आणखी कोण गुणगुणतं?"

खोटं बोलवेना. "कुणीच नाही."

"मग जन्माचं."

"साहेब, एवढं राहू द्या ना."

"ताई, माझ्या हातात काय आहे? त्या बाईंनी नाही ओळखलं तर येईल परत."

आठ दिवस केतकी उजव्या हाताने, गप्प जेवली. मी दोनदा वरण चाखून पाहिलं. मीठ बरोबर होतं.

नवव्या दिवशी डबा परत आला. आत चिठ्ठी होती. नाव-पत्ता नियमाप्रमाणे काळ्या शाईने झाकलेला.

"ताई, डावा हात माझाच. दोन दिवस जवळ ठेवला. आता पाठवते, पोरीला लिहायला लागेल. गुणगुणणं माझं नाही. आईला विचारलं, बहिणीला विचारलं. आम्ही भराभर जेवून कामाला पळणारी माणसं. हे तुमच्याच घरी लागलंय."

दुपारी केतकी आमटीभात कालवता कालवता गुणगुणायला लागली. "झाला रेडिओ सुरू," सासूबाई म्हणाल्या आणि तिला आणखी भात वाढला.

मी तशीच कार्यालयात गेले.

"साहेब, त्या बाईंचे आभार मानायचेत."

"आभाराचा अर्ज नसतो, ताई. तक्रार असली तरच दोन्ही आयांना समोरासमोर बोलावतात."

"मग तक्रार आहे."

"काय?"

"त्यांनी काहीच ठेवून घेतलं नाही."

साहेबांनी ते शब्दशः लिहून घेतलं, शिक्का मारला आणि मंगळवारची तारीख दिली. तक्रारदाराने मुलीला सोबत आणावं, असं खाली छापलेलंच होतं.