मॉर्वितबाईंची आठ कौले

माणसाचे तारण त्याच्या कृत्यांनी होत नाही, विश्वासाने होते. हे सत्य जगात पुष्कळांनी ऐकले आहे. पण ते आमच्या नांतगारेग गावातल्या हेब्रोन चर्चच्या मंडळीइतके कुणी शेवटपर्यंत नेले नसेल. इतर लोक हे वाक्य ऐकतात, मान डोलावतात, आणि घरी जाऊन आजारी शेजाऱ्याला सूप नेऊन देतात. आम्ही पुढचा विचार केला. चांगले कृत्य केले की माणसाला बरे वाटते. बरे वाटले की आपण आपल्याच हाताने तरलो असे वाटू लागते. तेव्हा चांगले कृत्य ही सरळसरळ जोखीम आहे. वाईट कृत्याचे तसे नाही. ते केल्यावर माणूस निदान नम्र तरी होतो.

मी या मंडळीचा चिटणीस. सभासद दोनशे अकरा. पैकी त्रेसष्ट पुरुष वरच्या खाणीत पाटीचा दगड फोडतात आणि त्याची छपरावरची कौले काढतात. कौल बसवावे तर नांतगारेगच्या माणसाने, असे अख्ख्या वेल्समध्ये म्हणतात. (डोळे बांधले तरी बसवतील असेही म्हणतात. अजून कुणी बांधून पाहिलेले नाहीत.) गेल्या वर्षी मंडळीत एकूण सात सत्कृत्ये घडली. चार चुकून, दोन तापाच्या भरात, आणि सातवे ज्याच्या नावावर आहे तो ते नाकारतो.

हे यश पाळक टेगिद रोलंड्स यांचे. ते उपदेश बोलत नाहीत, गातात. सुरुवात अगदी हळू, शेजारच्या माणसाशी बोलावे तशी. मग कुठेतरी मध्येच शब्दाला सूर चिकटतो, तो चढत जातो, आणि ‘विश्वास’ हा शब्द ते खालच्या पट्टीतून उचलून छताला नेऊन टेकवतात. खाली त्रेसष्ट धुळीने भरलेल्या छात्या चार आवाजांत साथ देतात. ज्याने हे ऐकले नाही तो प्रार्थनेला नुसता बसून आला. आम्ही बाहेर पडतो तेव्हा मन इतके भरलेले असते की काही करावे असे उरतच नाही.

तर ऑक्टोबरच्या वादळात मॉर्वितबाईंच्या छपराची सतरा कौले उडाली. मॉर्वितबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, चढावरच्या शेवटच्या घरात एकट्या. नवरा याच खाणीत गेला. छातीत कायमची घरघर. भोक नेमके पलंगावर पडले, म्हणून त्यांनी पलंगावर बादली ठेवली आणि स्वतः खुर्चीत झोपू लागल्या. कुणाकडे काही मागितले नाही. मागितले असते तर नाही म्हणता आले असते. न मागितल्यामुळे समिती नेमावी लागली.

समितीची पहिली बैठक ठरण्याआधीच इद्वल नावाच्या खाणकामगाराने शिडी लावली. नऊ कौले बसवून झाली तेव्हा हे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांपैकी ज्येष्ठ, हम्फ्री पारी, यांच्या लक्षात आले. इद्वलला बोलावण्यात आले. इतिवृत्तातून देतो.

“इद्वल, शिडी कशाला लावलीस?”

“छप्पर गळतंय, हम्फ्रीकाका.”

“ते आम्हाला ठाऊक आहे. लावलीस कशाला?”

“गळतंय म्हणून.”

“मनात स्वर्गाचा विचार होता?”

“खिळ्यांचा होता. सगळे गंजलेत.”

“नऊ कौलं बसवलीस आणि एकदाही स्वर्ग आठवला नाही?”

“छपरावर असताना हातातल्या कौलाकडेच बघावं, हे तुम्हीच शिकवलंत मला.”

“बरं. बसवून झाल्यावर कसं वाटलं?”

इद्वल विचारात पडला. तो खोटे बोलत नाही, हाच त्याचा घात. “बरं वाटलं,” तो म्हणाला.

समितीने एकमेकांकडे पाहिले. इद्वलला तीन महिने शिडीपासून दूर राहण्यास सांगण्यात आले. ती नऊ कौले पुन्हा काढावीत का, यावरही चर्चा झाली. पण ती काढणे हे सत्कृत्य की दुष्कृत्य यावर एकमत होईना, म्हणून राहू दिली.

उरली आठ. ती कुणी बसवावीत? ज्याचे तारण झाले आहे त्याला धोका. ज्याचे होत आले आहे त्याला अधिक धोका. तेव्हा ज्याच्याजवळ गमावण्यासारखा विश्वासच नाही, असाच माणूस हे काम निर्धोकपणे करू शकतो. गावात असे दोन निघाले. एक खाणीच्या कचेरीतला इंग्रज (त्याला हातोडी कुठल्या बाजूने धरायची ते सांगावे लागते), आणि दुसरा गुतो. गुतो एकेकाळचा उत्तम कारागीर. हल्ली रविवारीसुद्धा गुत्त्याच्या मागच्या दाराने आत असतो. हम्फ्री पारी स्वतः त्याच्याकडे गेले.

“गुतो, तुझं तारण होणार नाही हे पक्कं आहे ना?”

“तुम्हीच तर दर आठवड्याला नाव घेऊन सांगता.”

“मग मॉर्वितबाईंची आठ कौलं बसव. तुझं काही बिघडत नाही.”

“का? तारलेल्यांच्या हातांना काय झालंय?”

“तुला कळायचं नाही ते.”

“नाहीच कळत. मॉर्वितमावशीसाठी करतो. तुमच्यासाठी नाही करत.” (हे शेवटचे इतिवृत्तात घेतलेले नाही.)

शनिवारी दुपारी गुतो छपरावर चढला. मंडळीने आपल्याला टाकले असे मॉर्वितबाईंना वाटू नये म्हणून आम्ही सगळे त्याच वेळी त्यांच्या अंगणात प्रार्थनेला जमलो. पाळकसाहेब शिडीच्या पायथ्याशी उभे राहिले आणि गाऊ लागले. तीस वर्षे मी त्यांना ऐकतो आहे. तसे ते त्याआधी कधी गायले नाहीत. चढावरच्या मेंढ्या चरायच्या थांबल्या. गुतोने लहानपणानंतर उपदेश ऐकलेला नव्हता. सूर तिसऱ्यांदा वर गेला तेव्हा त्याने तोंडात धरलेले खिळे एकेक करून काढले, खिशात घातले, शिडी उतरला आणि चिखलात गुडघे टेकून रडू लागला.

गुतोचे तारण झाले. आम्ही सगळे रडलो. मीही रडलो, आणि ते रडणे खरे होते. घरातून मॉर्वितबाईंनी खोकत खोकत साथ धरली.

मग गुतोने बाहीला नाक पुसले आणि पुन्हा शिडीवर पाय ठेवला. हम्फ्री पारींनी प्रेमाने त्याचा दंड धरला.

“आता नको, गुतोभाऊ. आता तू आपल्यातला झालास.”

“अहो, पण ते भोक?”

“विश्वास ठेव.”

शिडी नेण्यात आली. आठ कौले भिंतीला टेकून राहिली.

पुढच्या आठवड्यात पाळकसाहेब मॉर्वितबाईंना भेटून आले. बरोबर मी होतो. “बाई, विश्वास आहे ना?” त्यांनी विचारले.

“आहे हो, पाळकसाहेब. ह्यांना खाणीतून वर आणलं त्या दिवशी होता, आजही आहे. उठलाच आहात तर तेवढी बादली ओतून या.”

असा विश्वास पाहून पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. बादली आधीच भरली होती. ती तशीच ठेवून आम्ही निघालो.

नोव्हेंबरच्या बावीस तारखेला मॉर्वितबाई गेल्या. ओल आणि थंडी, असे डॉक्टर म्हणतात. (डॉक्टर आमच्या मंडळीचे नाहीत.)

दफनाला सारा गाव होता. त्रेसष्टच्या त्रेसष्ट कामगारांनी, कुणी न सांगता, खाणीतल्या सर्वांत खोल थरातली निळी शिळा काढली. इद्वलने अक्षरे कोरली, गुतोने घासून आरसा केला. सहा फूट उंचीची अशी शिळा आमच्या दफनभूमीत दुसरी नाही. मंडळीच्या एकाही वडिलांनी हरकत घेतली नाही. मॉर्वितबाईंना आता तिचा काही उपयोग नव्हता, त्यामुळे ते सत्कृत्य ठरत नव्हते. या शिळेतून कौले किती निघाली असती, एवढेच इद्वलने विचारले. चाळीस. त्याला पुन्हा समितीपुढे बोलावले आहे.

इथवर वाचताना तुम्हाला आमची चीड आली असेल. मॉर्वितबाईंची दयाही आली असेल. तुमच्या गल्लीच्या टोकाच्या घरातले कुणीतरी आठवले असेल, नावानिशी. तिकडे एकदा जायला हवे असेही मनात येऊन गेले असेल. उत्तम. मनात आले, एवढे पुरे आहे. उठू नका. मॉर्वितबाईंमुळे आमच्या सभासदांच्या यादीत एक जागा मोकळी झाली होती, तिथे मी तुमचे नाव लिहिले आहे. तुम्हाला काही करावे लागणार नाही.