मुदतीत मोडणारी खुर्ची

कोणताही धंदा अर्थ, नीती आणि पर्यावरण या तीन पायांवर उभा असतो. तीन पायांची वस्तू कधी डुगडुगत नाही, हे भूमितीने सिद्धच केले आहे. (चौथा पाय केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी लावतात.) म्हणूनच आमच्या खुर्च्यांच्या कारखान्यात या तिघांचे तीन स्वतंत्र विभाग आहेत. तिघांना मिळून एक खोली, एक खिडकी आणि एक पंखा. पंख्याचे तोंड अर्थविभागाकडे असते.

अर्थविभागाने शोध लावला, की चाळीस वर्षे टिकणारी खुर्ची ही धंद्याला लागलेली कीड आहे. ज्या घरात अशा चार खुर्च्या गेल्या, ते घर आमच्या नकाशावर काळ्या टिंबाने दाखवतात, आणि टिंब देताना विभाग उभा राहतो. तेव्हा खुर्चीचे आयुष्य तीन वर्षे ठरले.

नीतिविभागाने (हे गृहस्थ सोमवारी आणि गुरुवारी येतात, एरवी कारखाना आपल्या स्वभावावर चालतो) ठणकावून सांगितले, की गिऱ्हाइकाला अंधारात ठेवणे पाप आहे. तेव्हापासून ‘ही खुर्ची तीन वर्षांनी मोडेल’ अशी ठळक अक्षरांतली चिठ्ठी बैठकीच्या खालच्या बाजूला डकवली जाते. गिऱ्हाईक जमिनीवर आले, की ती बरोबर डोळ्यांसमोर येते.

पर्यावरणविभाग मोडक्या खुर्च्या गोळा करतो. जितक्या जास्त परत येतील, तितका कारखाना हिरवा. गेल्या खेपेला शंभरातल्या एकाहत्तर परत आल्या, आणि आम्हाला ढाल मिळाली. उरलेल्या एकोणतीस कुठेतरी न मोडता निसर्गाची हानी करत बसल्या आहेत.

त्या एकोणतीसच्या एकोणतीस सुतारकाकांच्या.

सुतारकाका छत्तीस वर्षे इथे आहेत. खिळा न मारता लाकडात लाकूड असे बसवतात, की दोघांनाही आपण कधी वेगळे होतो हे आठवू नये. काम करता करता गुणगुणतात:

करवती बाई, जरा दमानं चाल,
झाडाला ठाऊक नाही, ते तुटलंय काल.

(या गुणगुणण्यात दर खुर्चीमागे अकरा मिनिटे जातात. मोजली आहेत.)

प्रत्येक कारागिराच्या खुर्चीची परीक्षा होते. वाळूचे एक पोते यंत्राने तिच्यावर उठते-बसते. दोन दिवसांत तीन वर्षांचे बसणे उरकते. पोत्याला आम्ही ‘पाहुणे’ म्हणतो. काकांच्या खुर्चीवर पाहुणे तीनदा उसवले, खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही. दर वेळी काकांना लेखी समज मिळाली. चौथ्या समजेला माणूस घरी जातो.

पर्यावरणविभागाची प्रमुख काकांचीच लेक. (विभागात ती एकटी असल्याने निवड एकमताने झाली.) उसवलेल्या पाहुण्यांना टाके घालण्याचे काम तिच्याकडेच.

“बाबा, एक सांधा ढिला ठेवा. एकच! हवं तर डोळे मिटून घ्या.”

“डोळे मिटले की आणखीच घट्ट बसतो गं.”

“मग मुद्दाम चुका.”

“चुकायलाही हात बसावा लागतो, पोरी. या वयात नवी विद्या कुठून शिकू?”

“घरी बसवतील तुम्हाला!”

“बसवू देत. घरच्या खुर्च्या मीच केल्यात, पडायचा नाही.”

लेक हसली, आणि सुई बोटात गेल्याचे निमित्त करून तिने डोळे पुसले.

तिच्यासाठी म्हणून काकांनी एक सांधा ढिला ठेवलाही. पण दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या तासभर आधीच आले आणि तो ठोकून पक्का करून मोकळे झाले. झोप लागली नाही म्हणे.

पाहुणे चौथ्यांदा उसवले, पण चौथी समज देणे मालकांच्या जिवावर आले. (मालक स्वतः काकांच्याच खुर्चीत बसतात.) त्यांनी न्याय गिऱ्हाइकावर सोपवला. कारखान्याच्या दुकानात काकांची आणि तीन वर्षांची, अशा दोन्ही खुर्च्या महिनाभर शेजारी शेजारी ठेवायच्या. काकांची दुप्पट किमतीची. तिच्या दहा खपल्या, तर काका राहतील.

महिन्यात चारशे बारा माणसे आली. त्यांतली तीनशे नव्वद आधी काकांच्या खुर्चीत बसली. दोनशे सहासष्ट जण “हल्ली अशी वस्तू मिळतच नाही हो” असे म्हणाले, तेही तिच्यात बसूनच. एकाला आजोबा आठवले. त्याला पाणी द्यावे लागले. मग बहुतेकांनी शेजारची उचलली. तरीही शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत काकांच्या नऊ गेल्या होत्या. लेक दहावी पुसत दाराकडे बघत उभी होती.

दुकान बंद व्हायच्या बेताला तुम्ही आलात.

काकांच्या खुर्चीत बसलात, टेकलात, तिच्या हातांवरून हात फिरवलात. “कुणी केली?” असे विचारलेत. लेक म्हणाली, “माझ्या बाबांनी.” “वा! अशा कारागिरांना जपलं पाहिजे बरं का,” असे तुम्ही अगदी मनापासून म्हणालात. मग जरा थांबून, “सध्या ती दुसरी द्या.”

ती तुमच्या गाडीत काकांनीच चढवून दिली. “जपून बसा हं,” म्हणाले. म्हातारा मायाळू आहे, असे तुम्ही वाटेत म्हणालातही.