अस्वलाचं मोहोळ आणि टिटवीची चार अंडी

एका जंगलात, म्हणजे ज्याचा नकाशा तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात नाही अशा एका जंगलात, एक पाणवठा होता. मुलांनो, जरा सरळ बसा. भिंतीला टेकून गोष्ट ऐकली की गोष्ट कळत नाही, झोप मात्र छान लागते.

तर पाणवठा. चैत्रात बाकीचे ओढे आटायचे आणि सगळं जंगल या एकाच पाण्यावर यायचं. त्या पाण्याच्या काठाला, गारगोट्यांमध्ये, एका टिटवीनं चार अंडी घातली होती. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर आता झालं. ती उघड्यावर अंडी घालते आणि दिवसभर त्यांच्याभोवती घिरट्या घालत ओरडते. या टिटवीला दुसरं काहीच नव्हतं. चार अंडी, एवढाच तिचा संसार.

पाणवठ्याच्या वर एक कडा होता. कड्यात गुहा होती आणि गुहेत अस्वल राहायचं.

अस्वल म्हटलं की मध आलाच. याच्या बापानं, आज्यानं, पणज्यानं जन्मभर एकच काम केलं. पोळं दिसलं की फोडायचं आणि खायचं. पण या अस्वलानं नवीनच खूळ काढलं. गुहेच्या तोंडाशी कड्याला आग्या मोहोळ लागलं, तर ते त्यानं फोडलं नाही. पाळायला घेतलं. आग्या मोहोळ म्हणजे काय ते ठाऊक आहे ना? त्याच्या माशा एकदा उठल्या की बैलालासुद्धा लोळवतात. असलं मोहोळ, आणि हे अस्वल त्याच्याखाली बसून राखण करायला लागलं. कुणी खडा मारू नये म्हणून.

"कशासाठी हो अण्णा?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"मधासाठी," अस्वल म्हणालं.

"मग खात का नाही?"

"पिकू तर दे."

हे उत्तर खरं होतं का? मला विचारू नका, मी तिथं नव्हतो. पण अस्वल गालातल्या गालात हसत होतं, एवढं नक्की. आणि होळीच्या दिवशी चारचौघांत छाती ठोकून असंही म्हणालं होतं, की आता माझ्या जांभळीकडे कोण डोळा वर करून बघतो तेच बघतो. नुसत्या मधासाठी मोहोळ पाळणाऱ्यानं असं बोलू नये. पण जिभेला हाड नसतं. अस्वलाच्याही नसतं.

शेजारी दोन होते. एक तरस आणि एक मुंगूस. दोघांचं एकमेकांशी पटत नसे. एक पाण्यावर आला की दुसरा तोंड फिरवून निघून जायचा. मात्र दरवर्षी अस्वलाची जांभळं दोघंही न चुकता चोरायचे. मोहोळ लागलं त्या वर्षापासून त्यांची चोरी बंद पडली. दोघांच्या पोटात एकदमच दुखायला लागलं, आणि ज्यांच्या पोटात एकदम दुखतं ते लगेच सख्खे भाऊ होतात.

आता एक गोष्ट सांगतो, पण ती बाहेर कुठं बोलू नका. मुंगसाच्या बिळामागच्या करवंदीच्या जाळीत त्याचं स्वतःचं एक मोहोळ होतं. सगळ्या जंगलाला माहीत होतं. जाळीजवळून गेलं की गुणगुण ऐकू यायची. पण त्याबद्दल विचारायचं नाही, अशी रीत होती. एखाद्यानं विचारलंच तर मुंगूस म्हणायचं, "आहे असंही नाही आणि नाही असंही नाही." चांगलं उत्तर आहे. गृहपाठाच्या बाबतीत वापरून बघा.

तीन टेकड्या ओलांडल्या की हत्तीचं रान लागायचं. हत्ती सगळ्यांत थोर. त्याला सगळे 'दादा' म्हणायचे, तो वयानं लहान असता तरी म्हणाले असते. त्याच्या वडावर एक नाही, दोन नाही, चांगली सात आग्या मोहोळं लोंबत होती. पण ती वाडवडिलांपासूनची होती, आणि जुन्या मोहोळांच्या माशा समजूतदार असतात, असं हत्तीचं म्हणणं होतं. त्यावर कुणी वाद घालत नसे. तुम्ही असता तर घातला असता का? गप्प बसा मग.

तरस आणि मुंगूस हत्तीकडे गेले. तरस पाठ खाजवायला बसलं, मुंगूस कानातल्या गोचिडी काढायला लागलं.

"दादा, अस्वलाचं मोहोळ पंधरा दिवसांत पिकतंय," मुंगूस म्हणालं.

"गेल्या वर्षीसुद्धा पंधराच दिवस म्हणाला होतास," हत्ती म्हणाला.

"ते पंधरा वेगळे होते, दादा."

"आणि त्याच्या आदल्या वर्षी?"

"तेही वेगळे. आता हे शेवटचे."

हत्तीनं डोळे मिटले. त्याला जायचा कंटाळा होता. मागं एकदा असाच कुणाच्या तरी सांगण्यावरून तो दलदलीत सुसरींना शिस्त लावायला गेला होता आणि त्याचा पाय तीन वर्षं चिखलात अडकून पडला होता.

तरसानं ओळखलं की इथं नुसती खाज पुरणार नाही. ते म्हणालं, "आमचं जाऊ द्या हो दादा. आमची कातडी जाड आहे. पण त्या टिटवीकडे बघा. बिचारीची चार अंडी, बरोबर त्या मोहोळाच्या खाली. एखाद्या दिवशी अस्वलाचं डोकं फिरलं तर?" असं म्हणून तरस रडायला लागलं. तरस हसतंय की रडतंय हे लांबून कळत नाही, पण हत्तीनं रडणंच धरलं.

"चार अंडी," हत्ती म्हणाला. त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. मोठ्या लोकांना लहानांची अंडी नेहमी लांबूनच दिसतात, आणि लांबून ती फार गोड दिसतात.

पण हत्ती न्यायी होता. त्यानं आधी हुकूम काढला, की मोहोळ सोडेपर्यंत अस्वलानं जांभळीखाली पाऊल टाकायचं नाही. कुणी त्याला जांभळं द्यायची नाहीत, कंदमुळं द्यायची नाहीत, बोलायचंही नाही. अस्वल वाळलं. बरगड्या दिसायला लागल्या. आणि हाती दुसरं काही उरलं नाही म्हटल्यावर ते मोहोळाला अधिकच बिलगून बसलं. तेवढ्यात जांभळं कुणी खाल्ली, हे सांगायला नकोच.

मग हत्तीनं तपासणीला सरडा पाठवला. सरडा कड्यावर गेला तेव्हा कड्याच्या रंगाचा झाला आणि म्हणाला, "मधाचंच दिसतंय." परत हत्तीच्या पाठीवर बसला तेव्हा हत्तीच्या रंगाचा झाला आणि म्हणाला, "डंख वाटतात बुवा." त्याचा अहवाल दोन्हीकडे वाचून दाखवला आणि दोन्हीकडे टाळ्या पडल्या.

शेवटी मोहीम ठरली. पंधरा दिवसांनी हत्ती स्वतः येणार आणि मोहोळ पाडणार. तरस आणि मुंगूस आनंदानं एकमेकांच्या गळ्यात पडले आणि लगेच बाजूलाही झाले.

टिटवीच्या कानावर ही बातमी गेली तेव्हा तिला एकच धास्ती बसली, हत्ती ठरल्याआधीच आला तर? अंडी सोडून ती कधी हातभर लांब गेली नव्हती. त्या दिवशी भर उन्हात तिनं अंड्यांवर ओली पिसं झटकली, त्यांना गारवा दिला आणि तीन टेकड्या ओलांडून हत्तीच्या दरबारात गेली.

आता या जंगलाची एक रीत सांगायला हवी. टिटवीचं ओरडणं म्हणजे अपशकुन. टिटवी ओरडली की सगळ्यांनी कान झाकायचे आणि हातातलं शुभकार्य लवकर उरकून घ्यायचं, असं वाडवडील सांगून गेले होते. टिटवीला दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलता येत नाही, हे वाडवडिलांच्या लक्षात आलं नसावं.

टिटवी दरबारात उभी राहिली आणि बोलायला लागली. सगळ्यांनी कान झाकले. हत्तीला तर फक्त ते मिटायचेच होते.

टिटवी म्हणत होती, "दादा, मोहोळाचा माझ्या अंड्यांना काही त्रास नाही. माशा अंडी खात नाहीत. उलट त्यांच्या धाकानं कावळे तिकडं फिरकत नाहीत, तेवढंच मला बरं. मला फक्त आठ दिवस द्या. आठ दिवसांत पिल्लं बाहेर येतील. टिटवीची पिल्लं जन्मल्याबरोबर चालतात, मी त्यांना घेऊन माळावर जाते. मग तुम्हाला काय गोंधळ घालायचाय तो घाला. पंधरा दिवसांनीच या, दादा, आधी येऊ नका. हात जोडते."

एवढं सगळं ती अगदी स्वच्छ बोलली.

"काय म्हणते ती?" हत्तीनं विचारलं.

मुंगसाचेही कान झाकलेलेच होते. ते म्हणालं, "वाचवा म्हणते, दादा."

हत्तीचा ऊर भरून आला. "आणि अपशकुनही झाला," तो म्हणाला. "आता पंधरा दिवस थांबण्यात अर्थ नाही. शुभकार्य उद्याच उरकून टाकू."

असं आहे, मुलांनो. गयावया करायला गेली आणि चौदा दिवस गमावून आली. घरी बसली असती तर निदान अंडी उबली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्ती निघाला. पुढं तरस, मागं मुंगूस, पाठीवर सरडा. पाणवठ्यावर येऊन हत्तीनं एक मोठा ओंडका सोंडेत धरला. टिटवी त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती, जीव तोडून ओरडत होती. सगळ्यांनी एका हातानं एकेक कान झाकला, कारण दुसरा हात सलामीसाठी वर होता. अस्वलानं हे पाहिलं, गुहेत शिरलं आणि आतून दगड लावून घेतला.

हत्तीनं ओंडका भिरकावला. नेम मोठा अचूक होता. मोहोळ धप्पकन खाली पडलं.

"पडलं," तरस म्हणालं.

मोहोळ पडलं, पण माशा उठल्या. आग्या मोहोळाच्या माशांना कोण कुणाच्या बाजूचा हे कळत नाही. त्यांना करार वाचता येत नाहीत. समोर जे मोठं आणि काळं दिसेल त्याला त्या धरतात, आणि हत्तीपेक्षा मोठं आणि काळं तिथं दुसरं काही नव्हतं. हत्तीच्या कानात, डोळ्यांत, सोंडेच्या आत, जिथं म्हणून जागा मिळाली तिथं माशा बसल्या. तो जो पळत सुटला तो सरळ पाण्याकडे. तरस त्याच्या पुढं, मुंगूस पायांमधून. सरडा कुठल्या रंगाचा झाला होता ते बघायला कुणी थांबलं नाही.

पाण्याच्या वाटेवर गारगोट्या होत्या.

टिटवी मध्ये आली. पंख पसरून हत्तीच्या पुढं उभी राहिली. टिटव्या खरंच अशा उभ्या राहतात, गुरं अंगावर आली की. गुरं तिला बघून बाजूला वळतात. हत्तीला डोळेच उघडता येत नव्हते. टिटवी शेवटच्या क्षणी उडाली.

चारही अंडी गेली. मला हे सांगताना बरं वाटत नाही, पण गोष्टीत आहे ते सांगायलाच हवं.

संध्याकाळी पाणवठ्याच्या पलीकडे सभा झाली. हत्तीची सोंड दुधी भोपळ्यासारखी सुजली होती, त्यामुळे भाषण नाकातून झालं. मोहोळ समूळ नष्ट झालंय, असं त्यानं जाहीर केलं. टिटवीच्या अंड्यांबद्दल त्यानं अतिशय दुःख व्यक्त केलं आणि त्याला जबाबदार अस्वलच आहे, असं सांगितलं. मोहोळ पाळलंच नसतं तर ते पाडावं लागलं नसतं, हे सगळ्यांना पटलं. मग अंड्यांसाठी सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. टिटवी तेव्हा रडत होती, म्हणून सगळ्यांनी कान झाकले होते.

हत्ती आपल्या रानात परत गेला. त्याला तीन टेकड्या आड होत्या. इथल्यांना इथंच राहायचं होतं.

आणि माशा? मोहोळ पाडलं म्हणून माशा काही संन्यास घेत नाहीत. त्यांची फाटाफूट झाली. एक झुंड तरसाच्या उंबरावर जाऊन बसली. तरस आधी घाबरलं, मग त्याला ती झुंड आवडायला लागली, मग ते उंबराखाली राखणीला बसलं. एक झुंड मुंगसाच्या जाळीत गेली, पण त्याबद्दल विचारायचं नाही. उरलेल्या माशा पुन्हा कड्यावरच बसल्या, आधीपेक्षा दोन हात उंच, हत्तीचा ओंडका पोचणार नाही अशा जागी. अस्वल गुहेतून बाहेर आलं, वर बघितलं आणि खाली मांडी ठोकून बसलं. आता त्याला कुणी कशासाठी म्हणून विचारलं नाही, आणि ते मधाचं नावही काढत नव्हतं.

आठवडा गेला. पिल्लं जन्मली असती तो दिवस उजाडला. टिटवी कड्यावर आली आणि अस्वलासमोर बसली. अस्वलाचे पंजे सवयीनं कानांकडे गेले. मग ते अर्ध्यावर थांबले आणि खाली आले. ओशाळलं असावं.

"अण्णा," टिटवी म्हणाली, "एक पोळं मला हवंय."

अस्वलानं पहिल्यांदाच तिचं बोलणं ऐकलं. ते म्हणालं, "तू कुठं मध खातेस?"

"मध नको मला," टिटवी म्हणाली. "माशा हव्यात. पुढच्या महिन्यात मी परत अंडी घालणार आहे."

तात्पर्य: दुबळ्याच्या रक्षणासाठी बलवान धावून येतो, तेव्हा दुबळ्यानं आधी त्याच्या वाटेतून बाजूला व्हावं. अंड्यांना ते जमत नाही, ही अंड्यांची चूक आहे.