एकोणीस टक्के आणि एक टाकी

वीज सकाळीच गेली होती, चारला छापखान्यातून मुलाखतीचा फोन यायचा होता आणि तिच्या फोनमध्ये उरले होते एकोणीस टक्के. बाळ झाल्यापासून चालून आलेलं हे पहिलंच काम, घरी बसून मुद्रितं तपासायचं. त्यासाठी जिवंत फोन हवा होता आणि झोपलेलं बाळ. पंचाईत अशी, की फोनवरच्या अंगाईशिवाय बाळ डोळा मिटत नसे, आणि अंगाई बॅटरी गिळत असे.

"वहिनी, असं ऑनलाइन लावलंस तर बॅटरीचा फडशाच पडणार," कामावर निघालेला दीर म्हणाला. "नेट चालू, वर व्हिडिओ, म्हणजे स्क्रीनही चालू! थांब, माझ्या पैसे भरलेल्या खात्यावरून डाऊनलोड करून देतो. मग नेट बंद, स्क्रीन बंद. खुशाल वाजव."

डाऊनलोडने सहा टक्के खाल्ले, पण मग आकडा जागचा हलेना. बाळाचे डोळेही छतावरून हलेनात. गाणं दुसऱ्यांदा वाजलं, तसा त्याचा ओठ पुढे आला. तिसऱ्यांदा भोंगाच लागला. तिने मांडी बदलली, खांदा बदलला, खोली बदलली. घड्याळात पावणेचार.

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. "सूनबाई, ती बाई कुठे गेली?"

"कोणती बाई, आप्पा?"

"टाकीवाली. दर दोन गाण्यांनी बोलायची ती. गाणं चालू असताना हा नुसता तिची वाट बघत पडायचा. ती बोलली की झोपायचा."

तिने कपाळावर हात मारला. जाहिरात! पैसे भरलेल्या खात्यावर ती कुठून येणार? आणि आता नेट लावून तिची वाट बघावी, तर उरलेली बॅटरी त्या बाईच्याच घशात.

"आप्पा, तुम्हाला येते का हो ती?"

"दोन महिने ऐकतोय. न येऊन सांगतो कुणाला!"

निवृत्त मुख्याध्यापक उठले, सदरा सारखा केला आणि बाळाला खांद्यावर घेऊन खणखणीत आवाजात म्हणाले, "टाकी गळते? भिंत ओलावते? चिंता सोडा, आम्हाला बोलवा!"

बाळाने सुस्कारा सोडला. आप्पा थांबले की एक डोळा उघडे, म्हणून आप्पा थांबेनात. तेवढ्यात फोन वाजला. तेरावर अडून बसलेली जुनी बॅटरी एकदम पाचावर घसरली होती.

छापखान्याच्या मॅडमनी दोन-तीन प्रश्न विचारले, तिने धडाधड उत्तरं दिली. मग मॅडम थबकल्या. "मागे टीव्ही चालू आहे का?"

"नाही मॅडम, सासरे आहेत."

"त्यांची टाकी गळतेय?"

"नाही हो, बाळाला झोपवतायत."

संपलं सगळं, तिला वाटलं. मग पलीकडून एकदम खाली आलेला आवाज, "खरंच झोपतं?"

आणि फोन मेला.

एवढ्यात फळीवरचा आप्पांचा बटणांचा फोन कर्कश वाजू लागला. अर्जात दुसरा नंबर म्हणून तिने तोच दिला होता.

"सोमवारपासून मजकूर पाठवते," मॅडम घाईघाईने म्हणाल्या. त्यांच्या मागे कुणी तान्हं जिवाच्या आकांताने रडत होतं. "नात आहे माझी. सकाळपासून हेच चाललंय. आता जरा टाकीवाल्यांना फोन द्या."