राणी नऊ वर्षांनी मोठी

नाटक सुभद्राबाईंनी दिले, कथा सुभद्राबाईंनी सांगितली आणि शेवट बदलू नये ही ताकीदही त्यांचीच होती. तेव्हा पुढे जे घडले त्याचा ठपका दुसऱ्या कोणावर ठेवता येत नाही. (त्यांनी ठेवून पाहिला, बसला नाही.)

त्यांचा मुलगा ओंकार मालवणात एका पतपेढीत नोकरीला होता. दुपारी तो बंदराजवळ प्राजक्ताच्या खानावळीत जेवू लागला, आणि वर्षभराने त्याने घरी सांगितले की लग्न करीन तर हिच्याशीच. प्राजक्ता विधवा होती, कष्टाळू होती, तिच्या हातच्या बांगडा माशाच्या तिखल्यात बाईंनाही खोट काढता आली नव्हती. पण ती ओंकारहून नऊ वर्षांनी मोठी होती. (दूरदर्शन मालिकांत हल्ली अशा नायिका असतात. बाई त्या मालिका केवळ निषेध म्हणून रोज पाहत.)

"आये, तुझ्या होकाराशिवाय मी लगीन करूचंय नाय," ओंकार म्हणाला. "पण प्राजक्ता गोव्याक भैणीकडे जाता म्हणता. कायमची."

घरात प्रमाण मराठीच बोलावे असा या शिक्षिकेचा दंडक असताना तो मालवणीत बोलला, यावरून बाईंनी प्रकरणाचे गांभीर्य ओळखले.

ओंकारच्या नोकरीसाठी बोललेला नवस फेडायचा राहिला होता: सातेरी देवीच्या देवळात दशावतारी नाटक. बाईंनी योजना आखली. एक युवराज वयाने मोठ्या राणीच्या मोहात पडतो, शुद्धीवर येतो आणि आईकडे परततो. राणी आश्रमात जाते. ओंकार पाहील, समजेल.

मंडळीचे मालक सत्यवान म्हणाले, "बाईनू, कथा कळली, शेवट कळलो. भाषणां नट उभ्या उभ्या रचतत, ता तुमका ठाऊक आसा."

बाईंना ठाऊक होते. पण राणीचे काम बाळा करणार होता. बाळा दिवसा रिक्षा चालवी आणि नाटकात स्त्रीपार्ट करी. त्याला शाळेत वक्तृत्व बाईंनीच शिकवले होते. विद्यार्थी आपल्या शब्दाबाहेर जाणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

हल्ली नवसाची नाटके संध्याकाळीच उरकतात. पहिल्या रांगेत बाई, मागे सारा गाव, पुरुषांत ओंकार, बायकांत एका कडेला प्राजक्ता. युवराज ठरल्याप्रमाणे म्हणाला, "राणी, तू माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी मातेकडे जातो."

नऊ हा आकडा ऐकताच गावाने माना वळवून ओंकारकडे पाहिले.

राणीने रडायचे होते. ती रडली नाही.

"थांबावे, युवराज. गेल्या जत्रेत याच मंडपात साठीच्या राजाने पंचविशीची राणी आणली. तेव्हा वय कोणी मोजले? प्रेक्षकांनी तर राजाला हार घातले. मग राणी मोठी असली की आश्रम का? याचे उत्तर युवराजांच्या मातोश्रींनीच द्यावे."

कथेत मातोश्रींचे पात्रच नव्हते. राणी रंगमंचाच्या कडेला आली आणि पहिल्या रांगेकडे पाहत राहिली. पखवाज थांबला.

विचारलेला प्रश्न बाईंनी आयुष्यात कधी अनुत्तरित ठेवला नव्हता. त्या उभ्या राहिल्या.

"वयात अंतर असले की विचार जुळत नाहीत."

"मातोश्री आणि त्यांचे यजमान यांत किती अंतर होते?"

"अकरा वर्षांचे. ते मोठे होते."

"विचार जुळले?"

बाईंना यजमान आठवले. सोलकढीतल्या मिठापासून मुलाच्या नावापर्यंत त्या माणसाशी एका गोष्टीवर एकमत झाले नव्हते.

"एकदाही नाही," बाई म्हणाल्या. सारा गाव साक्षीला होता, खोटे बोलणे शक्यच नव्हते.

"मग संसार?"

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "संसार चांगला झाला. फार चांगला झाला."

मागून एक म्हातारी म्हणाली, "मगे घोडा खंय अडला?"

"तर युवराजांनी जावे, की राहावे?" राणीने विचारले.

"राहावे," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

नाटक संपल्यावर त्या थेट रंगपटात गेल्या. बाळा गालावरचा रंग पुसत होता.

"शेवट बदलायचा नाही असे बजावले होते ना रे?"

"बाईनू, मी खंय बदललंय? तुमीच बदललात. मी नुसता इचारलंय."

देवळाच्या पायरीवर बैठक झाली. लग्न वैशाखात करावे असे ओंकार म्हणाला. "मे म्हयन्यात पर्यटक सोडून मी बोहल्यार चढूचंय नाय," प्राजक्ता म्हणाली. म्हणून जून ठरला. ते ओंकारला मान्य झाले, आणि सुनेचा व्यवहारीपणा पाहून बाईंनाही.

मग सत्यवानांनी प्रस्ताव मांडला: नाटक रंगले आहे, पुढच्या सगळ्या जत्रांत लावावे, मात्र मातोश्रींचे पात्र घालून. ते कोणाला द्यावे यावर मंडळीत क्षणभरही वाद झाला नाही. सर्वानुमते ते मंडळीतल्याच शिवाला मिळाले, जो आजवर फक्त राक्षस करीत आला आहे.

बाईंनीही संमती दिली. शिवाचे उच्चार शुद्ध आहेत.