बीव्हर्सचा पहिला गोल

"या वेळी गोल माझाच!" वाइनो हेक्किलाने कॉफीचा मग टेबलावर असा आपटला की पास्टीवरचं, म्हणजे मांस भरलेल्या करंजीवरचं, केचअप उडून बायकोच्या विणकामावर पडलं. "भिंतीवर नाव लागणार ते माझं! आणि तुझा भाऊ नुसता बघत बसणार!"

सिल्वीने केचअप बोटाने पुसलं आणि विणणं चालू ठेवलं. पन्नास वर्षं ती हेच ऐकत होती. लग्नाच्या दिवशी, चर्चच्या पायरीवर, पाहुणे तांदूळ उधळत असतानाही तिने हेच ऐकलं होतं.

टॅमरॅक बीव्हर्स या संघाचा इतिहास ऐकून कोणाची छाती फुगावी असा नाही. तांब्याची खाण बंद पडली, माणसं रिकामी झाली, तेव्हा कोणीतरी खाणीच्या जुन्या शेडमध्ये पाणी सोडलं. लेक सुपीरियरच्या काठावरची थंडी ती! पाणी रातोरात गोठलं आणि गावाला आइस हॉकीचा संघ मिळाला. लीग खालच्या दर्जाची, आणि त्या लीगच्याही तळाशी बीव्हर्स. एका वर्षी बर्फाच्या भाराने शेडचं छप्पर खाली आलं. एका वर्षी ड्रायव्हरने जवळचा रस्ता म्हणून बस गोठलेल्या तळ्यावरून घातली. माणसं सगळी वर आली, बस अजून खालीच आहे. एकदा, फक्त एकदा, चषक मिळाला. कप्तानाने त्यात मासेमारीसाठी जिवंत चारा ठेवला आणि चषक बुडाशी गळायला लागला. गावाने हे सगळं हसून सोडून दिलं.

वाइनोने मात्र एक गोष्ट सोडली नाही. पहिला गोल!

तुम्हीच सांगा, कोणाचं पित्त खवळणार नाही? संघाचा पहिलावहिला सामना. तेवीस वर्षांचा वाइनो लांबून पक मारतो. ती काळी रबरी चकती सणसणत सुटते. गोलसमोर संघातला ओन्नी लाइटिला उभा, सिल्वीचा भाऊ. म्हणजे उभा कसला, ना गोलकडे तोंड, ना वाइनोकडे, बाकावरच्या एका मुलीला हात हलवत होता! पक त्याच्या बुडावर आपटते आणि वळून थेट जाळ्यात! सगळे धावत जाऊन ओन्नीला मिठ्या मारतात. आणि तो काय विचारतो?

"अरे, मी काय केलं?"

नियम असा की पक शेवटी ज्याला लागून आत जाईल, गोल त्याचा. मारणाऱ्याला काय? साहाय्य! गेली पन्नास वर्षं बर्फाच्या रिंकच्या दारातल्या भिंतीवर रंगवलेलं होतं, 'पहिला गोल: ओन्नी लाइटिला. साहाय्य: वाइनो हेक्किला.' वाइनोचं नाव बारीक अक्षरात. नाव वाचायला खाली वाकावं लागायचं.

ओन्नीही कमी नव्हता. कॅफेत गेला की खुर्चीवर हळूच रुमाल अंथरून बसायचा. "जपावं लागतं रे बाबा! संघाचा इतिहास आहे हा!" कॅफे हसायचं आणि वाइनोच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि आता संधी आली होती. संघाला पन्नास वर्षं झाली. संघाची मॅनेजर बर्नी तिबो हीच तिकिटं फाडायची आणि माइकवरून निवेदनही हीच करायची. तिने ठरवलं की सामन्याआधी दोघा म्हाताऱ्यांनी पहिला गोल पुन्हा करून दाखवायचा. शिवाय भिंतीवर नवी पाटी लागणार होती, 'पन्नासाव्या वर्षाचा मानाचा गोल', आणि पुढे जागा कोरी!

"पाटीवर गोल करणाऱ्याचंच नाव?" वाइनोने खुंटा हलवून पाहिला.

"करणाऱ्याचंच," बर्नी म्हणाली. "पण नियम तोच हं! शेवटी लागेल त्याचा!"

वाइनो दोन आठवडे अंगणातल्या बर्फावर सराव करत होता. ओन्नी उभा राहणार डाव्या हाताला, वाइनो मारणार उजव्या कोपऱ्यात. बूड कितीही ऐतिहासिक असलं तरी तिथपर्यंत पोचणार नव्हतं. तरी त्याच्या जिवाला चैन पडेना. शेवटी तो आर्वोकडे गेला. आर्वो म्हणजे गोलमागच्या काचेच्या खोक्यात बसणारा पंच. पक रेषेपलीकडे गेली की त्याने बटण दाबायचं, की लाल दिवा लागतो आणि भोंगा वाजतो.

"आर्वो, तू रेषा-बिषा बघत बसू नकोस. मी मारलं रे मारलं की दाब बटण! दिवा लागला की कोणाच्या बापाची वाद घालायची टाप नाही."

"आणि पक आत गेली नाही तर?"

"न जायला काय झालं? समोर गोलकीपर तरी आहे का?"

आर्वोने खांदे उडवले. शनिवारची सौना, म्हणजे वाफेची अंघोळ, वाइनोच्याच घरी असायची, नाही कसं म्हणणार?

घरी सिल्वी विणत होती तो बीव्हर, संघाला नाव देणारा पाणप्राणी, आता पुरा होत आला होता. नाताळाआधीच्या सामन्याला गाव कापूस भरलेली खेळणी घेऊन येतं. आपल्या संघाचा पहिला गोल झाला की सगळी बर्फावर फेकायची आणि मग लहान मुलांच्या दवाखान्यात पाठवायची. सिल्वीचा बीव्हर चांगला पाळण्यातल्या पोराएवढा होता, चपटी शेपटी, पुढे दोन दात. ती त्याच्या पोटात हिरवे लोकरी मोजे कोंबत होती. संघाचे जुने मोजे!

"अगं, माझे मोजे!" वाइनो ओरडला.

"अठ्ठावीस, एकोणतीस..." सिल्वी टाके मोजत होती. "मध्ये बोलू नकोस रे!"

मानाच्या गोलाचा कार्यक्रमही त्याच सामन्याच्या संध्याकाळी होता. बीव्हर्सनी घरच्या मैदानावरच्या आधीच्या तीन सामन्यांत एकही गोल केला नव्हता. त्यामुळे गाव आधीच कावलेलं होतं. बाकांवर माणसांपेक्षा टेडी जास्त दिसत होते, आणि फेकायला प्रत्येकाचे हात शिवशिवत होते. हे बर्नीच्या डोक्यात आलं नाही. वाइनोच्या तर नाहीच नाही!

दिवे मंद झाले. दोघे म्हातारे जुनी जर्सी पोटावर ताणून बर्फावर आले. ओन्नी आपल्या जागी गेला आणि वाइनोकडे पाठ करून लोकांना हात हलवायला लागला. टाळ्याच टाळ्या! वाइनोने दात खाल्ले, स्टिक उचलली आणि मारली.

पक निघाली. उजव्या कोपऱ्याकडे, अगदी सरळ, ओन्नीपासून पाच हात लांब! फक्त ती सणसणत नव्हती. गुडघे पन्नास वर्षांनी म्हातारे झाले होते. पक दुपारी फिरायला निघाल्यासारखी चालली होती.

पण आर्वोने शब्द पाळला! लाल दिवा लागला! भोंगा गर्जला!

आणि गाव उठलं. तीन सामन्यांचा राग आणि हातातले सगळे टेडी एकदमच सुटले! अस्वलं, ससे, हत्ती, एक गुलाबी मगर, असा वर्षाव की छप्पर दिसेना. वाइनोच्या टाळक्यात जिराफ बसला. पाहुण्या संघाच्या कोचने पळापळ पाहून पोरांना बाकाखाली घातलं.

"थांबा! अरे थांबा! आत जाऊ द्या तिला!" वाइनो बोंबलत होता.

पक रेषेपासून वीतभर अलीकडे येऊन थांबली. आणि त्याच क्षणी वाइनोच्या मागून, सिल्वीच्या बाकावरून, एक जाडजूड बीव्हर आला, पोटावर घसरत, दात पुढे काढून, आणि पकला ढकलत जाळ्यात घेऊन गेला.

मग माइक खरखरला.

"मानाचा गोल," बर्नी आवाज शक्य तितका गंभीर ठेवून म्हणाली, "सिल्वीचा बीव्हर! साहाय्य, वाइनो हेक्किला!"

काय तो हशा! वाइनो टेडी तुडवत, दोनदा पडत, माइकपाशी पोचला. चेहरा बीटासारखा लाल.

"बीव्हर काय गोल करतो? कापड आणि लोकर! त्याच्या पोटात काय आहे विचार! मोजे आहेत मोजे! संघाचे, खेळाडूच्या पायातले, माझे! म्हणजे पकला शेवटी लागलो तो मीच!"

बर्नी विचारात पडली. पुढे सामना खोळंबला होता, रेफ्री घड्याळ दाखवत होता आणि म्हातारा हटायला तयार नव्हता.

"ठीक आहे," ती माइकवरच म्हणाली. "मोजे ज्याचे, गोल त्याचा. ऐकलं ना सगळ्यांनी? आता मागे फिरणं नाही!"

"नाही म्हणजे नाही!" वाइनोने माइकमध्ये तोंड घालून सांगितलं. "सिल्वी! उसव ते पोट!"

सिल्वी बर्फाच्या कडेला आली. तिचं तोंड उतरलं होतं.

"वाइनो, राहू दे ना. घरी बोलू."

"घरी पन्नास वर्षं बोलतोय! इथे उसव, सगळ्यांसमोर!"

तिने शिवण उसवली आणि मोजा बाहेर काढून उलगडला. हिरवा मोजा. टाचेला लाल लोकरीचं भलंमोठं रफू.

वाइनोच्या मोज्यांना आयुष्यात कोणी रफू केलं नव्हतं. त्याच्या आईला सुई धरता येत नव्हती. लाल लोकरीने टाचा रफू करणारी बाई गावात एकच होऊन गेली, सिल्वीची आई.

"तुझे मोजे अजून तुझ्या पायात आहेत रे," सिल्वी हळूच म्हणाली. "हे मी ओन्नीकडून मागून आणले. आणि तो बीव्हर... अरे, दिवा लागला! मला वाटलं, झाला एकदाचा तुझा गोल! म्हणून अंगातला सगळा जोर लावून फेकला!"

वाइनोने खाली पाहिलं. बुटाच्या वर हिरवी लोकर डोकावत होती.

"मानाचा गोल," बर्नीचा आवाज छपराला भिडला, "ओन्नी लाइटिला!"

सगळं गाव ओन्नीकडे धावलं. तो अजून पाठ करूनच उभा होता, कुशीत गुलाबी मगर घेऊन. चहूकडून मिठ्या पडल्या तेव्हा तो दचकून वळला.

"अरे, मी काय केलं?"

त्या संध्याकाळी बीव्हर्सनी खराखुरा गोलही केला, पण फेकायला कोणाकडे काही उरलं नव्हतं. पाटी दुसऱ्याच दिवशी लागली. वाइनोने जाऊन पाहिलं. या वेळी त्याचं नाव जरा मोठ्या अक्षरात आहे. आता वाचायला थोडंसंच वाकावं लागतं.