चंपीचं स्थळ

घोलवडचे दामूकाका मला विहीणबाई म्हणतात. भर बाजारात, चारचौघांत, मोठ्यानं. काकांचं लग्न झालेलं नाही आणि मला मूलबाळ नाही. मग ही सोयरीक जुळली कुठून, असं जो विचारतो त्याला मी आधी खुर्ची देते, कारण ही गोष्ट उभ्यानं ऐकण्यासारखी नाही.

डहाणू स्टेशनबाहेर माझं रिचार्जचं दुकान. काका चिकूच्या वाडीत पेट्या भरतात आणि तिथल्याच खोलीत एकटे राहतात. त्यांनी पहिला टचवाला फोन घेतला तो माझ्याकडून. ‘वेळ जाईल’ म्हणून त्यात मी एक खेळ टाकून दिला, राक्षस पाळायचा. अंडं मिळतं, ते उबवायचं, पिल्लू निघालं की त्याला चारायचं, फिरवायचं. वाढता वाढता ते दोनदा रूप बदलतं. गिऱ्हाईक नसलं की मीही खेळायचे. पण काकांचा जीवच जडला.

पिल्लाचं नाव त्यांनी ठेवलं चंपी. चंपी झपाझप वाढली, मधल्या रूपात आली आणि तिथंच अडकून बसली. काटकुळे पाय, पाठीवर पंखांचे नुसते कोंब, तोंड कायम फुगलेलं.

“काका, हिचं पुढं काही होत नाही वाटतं?”

“सुमन, घाई केली की डाग पडतो.” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चिकूलाही तेच, सरकारलाही तेच.

तरी आतून त्यांचीच घाई चाललेली. चंपीला बोर्डीच्या किनाऱ्यावर चालवून आणलं. विवळवेढ्याला महालक्ष्मीपुढं फोन उंच धरून उभे राहिले. पुजारी ओरडले, “ओ काका, फोटो नको!”

“फोटो कोण काढतंय? पोरीला दर्शन घडवतोय!”

देवीही मनावर घेईना, तेव्हा काकांनी आपली विद्या वापरली. कच्चा चिकू पिकवतात तसा फोन रद्दी पेपरात गुंडाळला आणि चिकूच्या पेटीत पिकायला घातला! वर फळांचा थर लावला, आणि चहाला गेले. परत येतात तो पेटी ट्रकमध्ये आणि ट्रक गुजरातच्या वाटेवर.

काकांनी शेजाऱ्याची लुना काढली आणि तलासरीच्या दिशेनं पिटाळली. वाटेत दिसेल त्याला विचारत होते, “माझी चंपी घेऊन गेलेला ट्रक पाहिलात का?” चंपी कोण हे न विचारताच चार माणसं मोटरसायकली घेऊन मागं लागली. पोरगी पळवलीय म्हटल्यावर कोण गप्प बसेल? वेवजीजवळ टपरीवर ट्रक सापडला. ड्रायव्हर बिचारा हातातली भजी तशीच धरून उभा राहिला. काकांनी पेट्या उचकल्या, चिकूंतून फोन काढला आणि छातीशी धरला. मागं लागलेल्या चौघांचे चेहरे बघण्यासारखे झाले असणार.

पण तो ड्रायव्हरच कामाचा निघाला. तोही हाच खेळ खेळायचा. म्हणाला, “काका, आ तो कोईने आपवी पडे.” दुसऱ्याला द्यावी लागते. दुसऱ्याच्या फोनमध्ये गेली की तिथंच तिला पंख फुटतात.

काका थेट माझ्या दुकानात आले ते पार उतरलेल्या चेहऱ्यानं. “म्हणजे चिकूसारखंच की गं. झाडावर ठेवून पिकत नाही. तोडून लोकांच्या घरी पाठवला की गोड होतो.” मग म्हणाले, “पण देऊ कोणाला? माझं आहे कोण?”

मी आपला माझा फोन पुढं केला.

झालं! काका एकदम ताठ बसले. “बॅटरी किती टिकते? घरी रेंज आहे? तुझे मिस्टर तापट नाहीत ना?” स्थळ बघायला आल्यासारखी चौकशी केली. पसंती झाल्यावर मुहूर्त काढला, इस्त्रीचा शर्ट घालून नारळ घेऊन आले. दोन्ही फोनना कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. एक दाणा माझ्या चार्जिंगच्या भोकात गेला, तो सुईनं काढावा लागला. मी हसून हसून बेजार, आणि काका अंगठा उचलून नुसते बसलेले. खाली यायलाच तयार नाही तो अंगठा.

“काका, दाबा की.”

“दाबतो गं. जरा बघू तर दे तिला.”

शेवटी डोळे मिटून दाबला. माझा पडदा पांढराफटक झाला, आणि मग काय सांगू, हे एवढाले सोनेरी पंख! फुगलेलं तोंड जाऊन चंपी चक्क हसत होती. काकांनी उपरण्यानं डोळे पुसले. “मोठी झाली हो विहीणबाई. सांभाळा.” लहानपणापासून मला अगंतुगं करणारा माणूस त्या दिवसापासून अहोजाहोवर आला तो कायमचा.

खेळात दिलेलं परत घेता येतं. पंख गळत नाहीत. म्हणून आठवड्यानं मी फोन घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. म्हटलं, “मांडवपरतणीला आणलीय. ठेवून घ्या आता.”

त्यांनी चंपीला डोळे भरून पाहिलं आणि फोन माझ्या हातात परत ठेवला. “छे हो. दिली ती दिली.”

आता दर रविवारी काका आमच्याकडे येतात. पिशवीत निवडलेले चिकू असतात. आमचे हे दारातूनच ओरडतात, “अगं, व्याही आले, चहा टाक!” काका विचारतात, “लेक काय म्हणते?” मी म्हणते, “बरी आहे.” मग जेवणं होतात, गप्पा रंगतात, फोन तसाच फडताळात पडून राहतो.

परवा मीच म्हटलं, “काका, इतक्या हौसेनं वाढवलीत, जवळ ठेवायची होतीत. करमतं का तिच्याशिवाय?”

काका चप्पल घालत होते. म्हणाले, “विहीणबाई, जवळ ठेवली असती तर रविवारी मी गेलो असतो कुठं?”